कमानीवरचे मेण

दाभोळच्या खाडीकाठी एका लहानशा मशिदीत दाऊदमियाँ खलफे बांग देत असत. तारुण्य जहाजांवर गेले, उतारवय या मशिदीच्या उंच कमानीखाली सरत होते. समोरच त्यांचे कौलारू घर. पत्नी हलीमाबी दीर्घ व्याधीने खंगलेल्या. दिवसभर ओटीवर भिंतीला डोके टेकून बसत आणि कमानीला लोंबणारे आग्या मोहोळ निरखीत. दर हिवाळ्यात ते येई, मृगाआधी निघून जाई. “जातंत, पन घर विसरत नाय,” असे त्या म्हणत. डोके टेकून टेकून भिंतीवर खोबरेलाचा काळसर डाग उमटला होता.

एका वर्षी मदरशातल्या पोराला माशी डसली. मशिदीचा कारभार पाहणारा सुलेमान परकार पलिता घेऊनच आला.

“चाचा, आज जाळून टाकतो.”

“सुलेमान, कुराणात एक आख्खी सूरत, आख्खा अध्याय मधमाशीच्या नावाचा आहे. अल्लानं तिला डोंगरात, झाडात नि मानसं उभारतात त्यात घर करायला सांगितलान. त्यातला हा तिसरा ठिकाना. तो मोडनारा तू कोन?”

“मग भाडा तरी भरा म्हनावं.”

“तिच्या पोटातनं लोकांसाठी शिफा, रोगावरची दवा निघते. आनिक काय भाडा पायजे तुला?”

सुलेमान हसला, पण पलिता खाली ठेवीना. अखेर दापोलीच्या कृषी विद्यापीठात मधमाश्यांचा अभ्यास करणाऱ्या ऋतिकाला बोलावणे गेले. पावसाआधी या माश्या आपण होऊन उठतील, हे तिने समजावले, तेव्हा कुठे मोहोळ वाचले.

फाल्गुनात हलीमाबी गेल्या. वैशाख सरता सरता माश्याही उठल्या, आणि कमानीवर रिकामे पोळे तेवढे उरले. बकरी ईद तोंडावर आली होती. अल्लाच्या घरावर मळ दिसू नये म्हणून दाऊदमियाँ शिडीवर चढले. पोळे उतरवले, दगडाला चिकटलेले मेण खरवडले, कमान धुऊन तिला चुना दिला. जीर्ण झालेली कुराणाची पाने पायदळी पडू नयेत म्हणून जशी वाहत्या पाण्यात सोडतात, तसे ते मेण त्यांनी बिस्मिल्ला म्हणून ओहोटीच्या धारेत सोडले. ज्या जीवाला परमेश्वराने आज्ञा दिली, त्याचे उष्टेही त्यांना पवित्र होते. उरलेला चुना वाया जाऊ नये, म्हणून त्याच दिवशी ओटीच्या भिंतीवरूनही हात फिरवला.

हिवाळा आला. पहाटेची बांग देऊन ते कमानीकडे मान वर करून उभे राहत. कार्तिक गेला, मार्गशीर्ष गेला. कमान पांढरीच राहिली. माश्या परतल्या, तर हलीमाचा एक शब्द तरी खरा ठरेल, एवढीच आस त्यांना उरली होती.

पौषात ऋतिका नोंदीसाठी आली. तिने वर पाहिले.

“चाचा, चुना कधी दिलात?”

“ईदेआधी. का गो बाय?”

तिने नोंदवही मिटली. मग हळूहळू सांगू लागली. मधमाशीचे आयुष्य फार थोडे. एखादी राणी सोडली, तर गेलेल्यांपैकी एकही परतत नाही. येतात त्या त्यांच्या लेकीबाळी, ज्यांनी ही जागा कधी पाहिलेलीच नसते. त्यांना ती कशी सापडते हे शास्त्रालाही नीट उलगडलेले नाही. दगडावर राहिलेल्या जुन्या मेणाचा वास त्यांना ओढून आणीत असावा, असा अंदाज आहे.

“थोडंसं मेण ठेवलंय का?”

“खाडीला दिला.”

“कदाचित तसं नसेलही, चाचा. यंदा फुलोराही कमीच आहे.”

त्यांनी मान हलवली. ती एसटीसाठी निघून गेली.

दाऊदमियाँ घरी आले आणि ओटीवर, हलीमाबी बसत तिथे, बसले. मागे वळून त्यांनी भिंतीवर हात ठेवला. डाग जिथे होता तिथे हात बराच वेळ फिरवीत राहिले. तळवा पांढरा झाला. असरच्या, तिसऱ्या प्रहरच्या नमाजाची वेळ झाली होती. ते उठले, मशिदीच्या हौदावर जाऊन हात धुतले, आणि कमानीकडे न पाहताच आत शिरले.