जवाईबापूंनी राखलेली गाडी

आता हसणार नसाल तर सांगतो. माझ्या अकलेचे दिवे आख्ख्या नेरडीगोंड्यानं पाहिलेत, तुम्हीच तेवढे राहिलात!

ऐंशी-पंच्याऐंशीच्या सुमाराची गोष्ट. माझं किराण्याचं दुकान, आणि सासरे, म्हणजे आमचे मामाजी, नार्नूरला मास्तर. त्यांच्याकडे मोटारसायकल! पोरगी देताना त्यांनी मला चार प्रश्न विचारले होते, गाडी देताना चाळीस विचारले.

झालं असं, की होळीनंतर डोळ्याच्या ऑपरेशनसाठी ते थोरल्या मुलाकडे नागपूरला निघाले. सहा-सात महिने तिकडेच राहणार. तोवर गाडी माझ्या कोठीत.

"जवाईबापू, पेट्रोल काढून घ्या. बॅटरी काढा. आन् पाहा, आत किडामुंगी शिरू देऊ नका."

"काही काळजी करू नका जी, मामाजी!"

पेट्रोल काढलं, बॅटरी काढली, वर ताडपत्री घातली. राहिली किडामुंगी. त्याच दिवशी मी ज्वारीची कणगी भरत होतो, हातात कडुनिंबाचा पाला. ज्वारीला कीड लागू नये म्हणून आपण पाला घालतोच ना? मग गाडीनंच काय घोडं मारलं होतं? सीटखाली पाला, हत्यारांच्या डब्यात पाला. आणि मागं सायलेन्सरचं एवढं मोठं भोक! किडे तर तिथूनच शिरणार! दांड्यानं ठासून ठासून भरलं. आणि देवाशपथ सांगतो, साफ विसरलो.

दसऱ्याला मामाजी आले, नवा चष्मा लावून. गाडी चकचकीत पाहून खूश! बॅटरी लावली, पेट्रोल टाकलं, मी किक मारली. एक, दोन, वीस. गाडी ढिम्म!

"काऊन चालू नाही होऊन राह्यली?"

"पेट्रोलच खराब असंल जी," मी छातीठोकपणे म्हणालो. "ठेवण्यात काही चूक नाही. मी सोता ठेवली!"

पेट्रोल बदललं. प्लग बदलला. मग मी वर बसलो आणि अर्ध्या बाजारानं मला ढकलत मिस्त्रीच्या दुकानापर्यंत नेलं. मिस्त्री हैदराबादकडचा. त्यानं कार्बुरेटर खोलला, पुसला, लावला. काही नाही.

"साब, इंजन बैठ गया दिखता."

इंजिन नाही, मामाजीच बसले. तिथल्या स्टुलावर, आणि नवा चष्मा काढून पुसत राहिले. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं हो! तेवढ्यात बायको चहा घेऊन आली.

"बाबानं एक गाडी सांभाळाले देल्ली, तेबी जमलं नाही तुमाले?"

खरं सांगतो, मला रडूच येणार होतं.

मिस्त्री पाना घेऊन मागच्या बाजूला वाकला आणि थांबला. सायलेन्सरमध्ये बोट घातलं.

"साब, ये पत्ता कायका है?"

मामाजींनी नव्या चष्म्यातून निरखून पाहिलं. "जवाईबापू, हा कडुनिंब होय का?"

"ते... किडामुंगी म्हनले होते ना तुमी..."

मिस्त्रीनं तारेनं टोपलीभर पाला उपसला. एकच किक! फट् फट् फट्! उरलेला पाला उडाला तो थेट माझ्या तोंडावर, आणि धूर असा कडू, की बाजारातले डास गाव सोडून गेले असतील. पण गाडी चालू! माझा जीव भांड्यात पडला. मामाजी पोट धरून हसले, मीही हसलो.

पुढच्या वर्षी दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. मी आपणहून कोठी झाडून तयार ठेवली. मामाजी आले ते बैलगाडीतून. गाडीतून दोन पोती उतरवली.

"मोटारसायकल मिस्त्रीकडं ठिवली जी," मामाजी म्हणाले. "तुमी हे ज्वारी सांभाळा. पाला घालाले इसरू नका!"