साडूचा तारा

सकाळपासून धुकं रस्त्यावर ठाण मांडून बसलं होतं. दुकानात शिरणारं प्रत्येक गिऱ्हाईक आधी स्वतःच्याच चष्म्याच्या काचा पुसत होतं. चष्मेवाला मात्र कुणाकडे मान वर करून बघत नव्हता. यंत्रापुढे बसून एका जाड भिंगाची कड घासत होता आणि मनातल्या मनात साडूला सोलत होता.

साडू म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. पलीकडच्या गावात लोकांना मोटार चालवायला शिकवायचा. आभाळ बघायचं वेड त्याला लावलं ते चष्मेवाल्यानंच. दुर्बिणीचा आरसाही यानंच दिला, तोसुद्धा स्वतःच्या हातून पहिल्यांदा घासताना जरासा फसलेला. आणि त्या फसलेल्या आरशातून साडू पठ्ठ्यानं कुठल्याशा फिकट दीर्घिकेत फुटलेला तारा हुडकला! ती दीर्घिका म्हणजे जेमतेम एक पुसट डाग. तो डागही साडूला बोट धरून दाखवला होता चष्मेवाल्यानंच. आता जगभरचे अभ्यासक तिकडे दुर्बिणी वळवून बसले होते, आणि पाहुण्यारावळ्यांत साडूशिवाय विषय नव्हता.

तेवढ्यात त्याचाच फोन आला.

"दादा, कामात आहात का?"

"कामाशिवाय कोण पोसतंय आम्हाला? तुझं बरंय, तू आता आभाळातला माणूस."

साडू हसला. त्याला टोमणे लागत नसत, हेही चष्मेवाल्याला खुपायचं.

"दादा, तारा उजळायला लागला तेव्हाचा फोटो हवाय अभ्यासकांना. मी तेव्हा तापानं पडलो होतो. तुम्ही घेतला असेल ना?"

"ढग होते."

"फार?"

"गच्च," म्हणून चष्मेवाल्यानं फोन ठेवला.

ढग नव्हते. आभाळ धुतल्यासारखं होतं, आणि त्या दीर्घिकेचा त्याच्या आयुष्यातला सगळ्यात देखणा फोटो त्याच रात्री आला होता. घोटाळा झाला तो तिथंच. नवा फोटो जुन्याशेजारी ठेवायचा आणि एखादा ठिपका जास्त दिसतोय का बघायचं, अशी या छंदाची रीत. पण हा फोटो इतका सुरेख, की त्यानं जुना धूसर फोटो पुसून टाकला आणि पुढं ताडून बघायला हाच ठेवला. तारा त्यात आधीच येऊन बसलेला. पुढं रोज तो ताऱ्याशेजारी तारा ठेवून बघत राहिला, आणि नवीन काही नाही म्हणून निजायला जात राहिला. साडूचं कौतुक कानावर आल्यावर त्याला ते उमगलं. तेव्हापासून जेवण गोड लागत नव्हतं. फोटो दिला तर आपलं हसं, आणि साडूच्या शिरपेचात आणखी एक तुरा आपल्याच हातानं खोवायचं.

मागच्या खोलीतून बायकोचा आवाज आला. ती बहिणीशी बोलत होती.

"ढग? छे गं, कसले ढग? फोटो आहे की ह्यांच्याकडे. संगणकाच्या पडद्यावर लावलाय मोठा करून. दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात."

चष्मेवाल्यानं यंत्र बंद केलं.

बायको दारात आली. "अहो, फोटो नाही असं का सांगितलंत त्याला?"

"तुला काय कळतं त्यातलं?"

"ताऱ्यातलं नाही कळत. तुमच्यातलं कळतं. ताप येईल एवढा जळफळाट बरा नव्हे. द्या पाठवून."

 तो उठला आणि कुणाचा तरी सूड घेत असल्यासारखा बटणं दाबत फोटो पाठवून दिला.

पुन्हा फोन वाजला.

"दादा, हा तर तुमच्याकडे आधीच होता."

"होता."

"मग तुम्ही..."

"नाही दिसला. पुढं बोल."

"मी कळवतो त्यांना. मदत केली म्हणून तुमचं नाव घालतो."

मदत या शब्दानं चष्मेवाल्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"मदतबिदत काही लिहू नकोस. फोटो माझा, एवढंच लिही. आणि तारीख नीट घाल, तुझ्या आधीची आहे ती."

"घालतो, दादा," साडू म्हणाला. तो पुन्हा हसत होता की काय, ते नीट कळलं नाही.

चष्मेवाल्यानं फोन खिशात टाकला. यंत्राच्या टाकीतलं पाणी काचेच्या भुकटीनं पार दुधाळ झालं होतं. त्यानं टाकी उपसून काढली, मागच्या मोरीवर नेली आणि बसून घासायला लागला.