पाण्यात घातलेली शाल

सुभेदार आप्पा कुणाचा हात धरून पाण्याबाहेर येत नसत. बेळगुंदीच्या विहिरीत साठी उलटलेला हा माणूस दगडांच्या फटीत बोटं रोवून वर यायचा. वरून कुणी मदतीला वाकलंच, तर "बाजूला व्हा, ऊन अडवालासा" म्हणून त्याला वाटेला लावायचा.

मी टिळकवाडीतला शाळामास्तर. चाळिशीत पोहायला शिकायची हौस आली आणि पाठीला पत्र्याचा डबा बांधून मी त्यांच्या हवाली झालो. विहिरीवर धुणं धुणाऱ्या बायकांची चांगली करमणूक झाली. नाकातोंडात पाणी गेलं की मी आप्पांकडे हात पसरायचो. ते शांतपणे लांब सरकायचे. "हात मागू नगासा मास्तर, पाय मारा." पोहायला आलं ते त्या निर्दयपणामुळेच.

पाय गमावलेले जुने जवान निपाणी-खानापूरकडून उपचारासाठी बेळगावला येत आणि लॉजच्या पायऱ्या बघून बसस्टँडवरच पथारी टाकत. त्यांच्यासाठी दोन खोल्या व्हाव्यात आणि दारात एकही पायरी नसावी, एवढंच आप्पांचं मागणं होतं. अर्ज करकरून थकले. "पाण्यात पायरी न्हाय, म्हणून तितं कोण लंगडा न्हाय," असं म्हणायचे. शेवटी त्यांनी ठरवलं, धरणाचं पाणी या टोकापासून त्या टोकापर्यंत न थांबता पोहून जायचं आणि लोकांकडे खोल्या मागायच्या.

एक कारखानदार पुढे आले. आप्पांनी नियमाप्रमाणे पोहणं पुरं केलं तर दोन्ही खोल्या मी बांधून देतो, असं भर सभेत म्हणाले. नियम साधा होता. काठाला लागेपर्यंत पोहणाऱ्याला कुणी हात लावायचा नाही. लावला की पोहणं बाद.

पहाटे निघालेले आप्पा दुपारपर्यंत पोहत होते. होडीत पंचांशेजारी बसून मी लांब काठीला पेला अडकवून त्यांना गुळाचं पाणी द्यायचो, अंतर राखून. खांदे सोलवटले, ओठ पांढरे पडले, हात मात्र चालू. काठ पन्नास पावलांवर आला आणि दुसऱ्या होडीतून कारखानदार आले. त्यांना लग्नाला जायचं होतं. म्हणाले, "सत्कार इथंच उरकू या, फोटोही चांगला येईल." आम्हा लोकांना सत्काराची भारी खोड. शाल घातल्याशिवाय माणूस मोठा झाला असं आम्हाला वाटतच नाही. पोट आड येऊन साहेबांना वाकता येईना, म्हणून त्यांनी शाल माझ्याकडे दिली. आणि इतके तास काठीने पेला देणारा मी शहाणा, वाकून ती आप्पांच्या खांद्यावर घातली. वर दोन्ही हातांनी नीटही केली.

आप्पा थांबले. "हात लावलासा न्हवं, मास्तर?" एवढंच बोलले. पंचांनी शिट्टी वाजवली. शाल पाण्यात सोडून आप्पा उरलेलं अंतर पोहून गेले आणि चिखलातून एकटेच वर चढले.

"नियम म्हणजे नियम," असं म्हणून कारखानदार लग्नाला गेले. खोल्या झाल्या नाहीत. त्या माणसाला मी अजून माफ केलेलं नाही, स्वतःला तर नाहीच. फोटो मात्र खरंच चांगला आला. त्यांच्या ऑफिसात लावलाय.

पुन्हा एवढं पोहायला आप्पांचे खांदे उरले नव्हते. मला ते कधी काही बोलले नाहीत. चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. पुढे शुगरपायी त्यांचाच एक पाय गेला. तपासण्यांसाठी आठवडाभर माझ्याकडे राहायला आले तेव्हा ते रिक्षातून उतरले आणि दारासमोर उभे राहिले. माझ्या घराला तीन पायऱ्या आहेत. इतकी वर्षं मी त्या कधी मोजल्या नव्हत्या. कुबड्या टेकून आप्पा बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिले. हात पुढे करायची माझी हिंमत होईना. मग त्यांनीच आपला हात पुढे केला.

"आता हात लावला तरी चालतंय, मास्तर."