रंगीत घर सोडायचे, कोरे पाडायचे

प्रदर्शनाच्या आदल्या दुपारी, कोणालाही न विचारता, मी एका मुलीचे फूल दुरुस्त केले. त्या कृत्याचे वर्णन आज मला याहून सौम्य शब्दांत करता येत नाही. त्या वेळी मात्र त्याला मी माया म्हटले असते.

सात रस्त्याजवळ, औषधांच्या एका दुकानाच्या माडीवर, दर सोमवारी आणि गुरुवारी संध्याकाळी मुलींचा वर्ग भरतो. अकरावी-बारावीच्या मुली तिथे संगणक शिकतात, तारा आणि दिवे जोडून लहान उपकरणे तयार करतात, आणि शेवटी घरच्यांसमोर त्यांचे प्रदर्शन मांडतात. त्यांना शिकवणारी दीदी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ती स्वतः याच वर्गातून पुढे गेलेली. मी महाविद्यालयात कविता शिकवते. या मुलींना चारचौघांत बोलता यावे, एवढ्यासाठी मला बोलावलेले होते. मागच्या बाकावर बसून मीही थोडे शिकत गेले, आणि अर्ध्या हळकुंडाने पिवळी झाले.

ती मुलगी शहराच्या पूर्व भागातली, तेलुगू विणकराच्या घरातली. पहिल्या दिवशी तिने स्वतःचे नाव ओढणीत तोंड लपवूनच सांगितले होते. ती शेजारून गेली की सुताला लावतात त्या खळीचा आंबूस, ओलसर वास मागे रेंगाळे. तिची आई घरी बसून चादरींच्या नक्षीची कार्डे पाडते. नक्षी आधी ग्राफच्या कागदावर एकेका चौकोनी घराने रंगवलेली असते; ती ओळ ओळ वाचायची आणि पुठ्ठ्याच्या लांब कार्डावर नेमक्या जागी भोके पाडायची. त्या कार्डांच्या माळेवरून मागाला कळते, कोणता धागा उचलायचा. कागदावरची ती बारीक घरे वाचून वाचून आईच्या डोळ्यांना सारखे पाणी येई. म्हणून मुलीने पाटी केली होती. पाटीवर बत्तीस दिव्यांची एक ओळ, पायाशी एक बटण. बटण दाबले की पुढच्या कार्डाची ओळ उजळे: दिवा लागेल तिथे भोक पाडायचे, विझलेला असेल तिथे सोडायचे. कागदाकडे पाहायलाच नको.

आईची अट तिने मला जिन्यात, कठडा घट्ट धरून सांगितली होती. "अम्मा प्रदर्शनाला येणार हाय, मॅडम. पाटीवरनं कार्ड पाडून बघणार. जमलं तर क्लास चालू. न्हाय तर सोमवारपासनं मी तिच्या हाताखाली."

त्या दुपारी मी खुर्च्या मांडायला म्हणून गेले होते. खोली रिकामी होती, झाळलेल्या तारांचा राळेसारखा वास हवेत होता. मी तिचा संगणक उघडला. पडद्यावर सगळ्या ओळी एकाखाली एक दिसत होत्या आणि मी दचकले. कागदावर लाल पेन्सिलीने रंगवलेले टपोरे फूल पडद्यावर काळेठिक्कर होते. भोवतीची कोरी जागा तेवढी झगझगत होती. ग्रहण लागलेले फूल! पोरीने घाईत उलटसुलट केले, असे मला वाटले. उद्या आईसमोर तिची शोभा होईल या विचाराने मला राहवेना. मग दोन तास बसून, एकाच्या जागी शून्य आणि शून्याच्या जागी एक लिहीत, मी पाकळी पाकळी उजळवली. फूल पेटले तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. जुनी प्रत ठेवण्याचे सुचले नाही. तिला सांगण्याचेही नाही. लाज वाचवली तर ती गुपचूप वाचवावी, असा माझा समज होता.

दुसऱ्या दिवशी आई आली ती पिशवी घेऊन. पिशवीतून तिने भोकांची लोखंडी पट्टी, पंच, लाकडी हातोडी आणि कोरी कार्डे काढली आणि खुर्ची बाजूला सारून सरळ फरशीवर बैठक मारली. बाकीच्या आया मोगरा आणि चिवड्याच्या वासासह भोवती कोंडाळे करून उभ्या राहिल्या. दाराशी दोन-तीन बाप होते, आत यावे की नाही या पेचात.

पहिल्या ओळी काठाच्या. दिवे लागले, हातोडी पडली. ठक्, ठक्. आईचा हात थांबत नव्हता. मुलीचे खांदे हळूहळू खाली आले. ती माझ्याकडे पाहून हसलीही.

मग फूल सुरू झाले, आणि हातोडी हवेतच राहिली.

"ह्ये काय केलंस गं?"

मुलगी वाकली. दिव्यांकडे पाहिले. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मी पाहिला. ओल्या कापडातून पाणी निथळावे तसा तो उतरत गेला.

"चादर पालथी विणत्यात," आईचा आवाज चढला. "फूल खालच्या अंगाला, कारागिरासमोर पाठ. रंगीत घर सोडायचं, कोरं पाडायचं. सात वर्साची होतीस तवा शिकवलं की मी! हितं येऊन तेवढं बी इसरलीस?"

दारातून कोणीतरी म्हणाले, "कम्प्युटर शिकली न्हवं, आता सगळं उलटंच दिसणार की." हशा पिकला.

माझ्या कानांत एकच लांबलचक शीळ वाजू लागली. तीस वर्षे या शहरात राहिले, थंडीत याच चादरींत गुरफटून झोपले, आणि चादर विणताना तिचे तोंड खाली असते हे मला ठाऊक नव्हते. मुलीने अंधारात ठेवलेले फूल अगदी बरोबर होते. मी ते उजळवले होते, आणि वेळ कमी पडल्याने काठ तसाच सोडला होता. म्हणजे आता अर्धी नक्षी सुलट, अर्धी उलट. एका बटणाने फिरवून टाकण्याजोगेही मी ते ठेवले नव्हते.

"ती विसरलेली नाही," मी म्हणाले. तो आवाज मला परक्या बाईचा वाटला. "काल मी बदलले. तिला न विचारता."

हशा थांबला. दीदीने कपाळावर हात मारला. "या अल्ला, मॅडम! जुनी फाईल तरी ठेवली ना?"

"नाही."

मुलगी माझ्याकडे वळली. ती रडेल अशी माझी तयारी होती. तिला जवळ घेण्यासाठी माझा हात थोडा पुढेही झाला होता.

"मॅडम, तुमी आधी मला इचारायचं होतं की." आवाज ओढणीतून येत नव्हता. सगळ्या खोलीला ऐकू आला. "आता तुमी बाजूला बसा."

मी बसले. आयुष्यात मला कोणी असे बसवलेले नाही, शाळेतही नाही.

तिने दप्तरातून ग्राफचा कागद काढला आणि आईपुढे धरला. "अम्मा, तू वाच. मी लिवते."

त्यांच्या घरी कामाची रीतच तशी आहे, हे मला तेव्हा कळले: एकाने नक्षी मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने पाडायची. आई एवढ्या लोकांत संकोचली, मग कागद नाकाशी नेऊन तेलुगूत वाचू लागली. "मूडु वदुलु, रेंडु कोट्टु." तीन सोड, दोन पाड. मुलीची बोटे शून्य-एकावर पळू लागली. एक ओळ झाली, आणि आईचे डोळे पाझरायला लागले. घरे तिला दिसेनात. तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या वर्गातल्या एका मुलीने कागद हातात घेतला. "पाच सोड, एक पाड." पुढची ओळ दुसरीने ओढून घेतली: "चार छोड, तीन मार!"

"हळू मार गं, माग न्हाय हा!" मागून कोणी ओरडले.

कोणी सुटलेली तार चिमटीत धरून उभी राहिली, कोणी झालेल्या ओळीवर बोट ठेवले. दीदी फक्त पाहत होती. तिनेही हात लावला नाही. तीन भाषांतला तो सोड-पाडचा गलका वर्गाच्या भिंतींना लागून परत येत होता. एकमेकींची वहीसुद्धा न मागणाऱ्या या मुली आहेत, असे मी त्या सकाळपर्यंत समजत होते.

चार ओळी झाल्या. "बास," मुलगी म्हणाली. "आता पाड, अम्मा."

ठक्, ठक्. आईने चौथे कार्ड उचलून ट्यूबलाइटसमोर धरले आणि डोळे मिटून भोकांवरून बोट फिरवले. कोणी चिवडासुद्धा चावत नव्हते.

"बरोबर हाय."

मुलीने श्वास सोडला तो मला माझ्या खुर्चीपर्यंत ऐकू आला. आईने लगेच पिशवीचे तोंड पसरले. "आण ती पाटी. घरी न्हेते. उद्यापासनं कामाला लागंल."

मुलीने पाटी छातीशी धरली. "आत्ता न्हाय. चारच ओळी झाल्यात. बाकीचं फूल सोमवारी. मग तपासायला गुरुवार लागंल."

"म्हंजी आता मी तुझ्यासाठी थांबायचं व्हय?"

"थांबायचं की."

आई लेकीकडे बघत राहिली, जणू ही पोर तिने आजच पाहिली होती. मग हातोडी पिशवीत टाकली, पदराने डोळे टिपले आणि दीदीला विचारले, "सोमवारी क्लास कितीला सुटतो?"

"सात वाजता, काकू."

"साडेसातला जेवायला घरात पायजे. उशीर चालायचा न्हाय." जिन्याशी जाऊन ती थांबली आणि हनुवटीने माझ्याकडे खूण केली. "आन तवर ह्या मॅडमना पाटीला हात लावू देऊ नका."

मी मान डोलावली. माझे दोन्ही हात मी केव्हापासूनच मांडीखाली दाबून बसले होते.