कोपरा फाडलेलं कार्ड

दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या वर्षी मी अनसिंगच्या शिवारात विजेचे खांब उभे करणाऱ्या टोळीवर मुकादम होतो. काम एका ठेकेदाराचं, माणसं आठ, आणि मी पंचविशीतला, मॅट्रिक पास, खाकी हॅट चढवलेला शहाणा. खांब उभा करण्याचं काम सगळं आवाजावर चालायचं. खड्ड्यापाशी एक जण पहार लावून खांबाचा बुंधा अडवायचा, बाकीचे तीन बाजूंनी दोर धरायचे आणि मुकादमाने ‘हो’ म्हटल्याशिवाय कोणी ओढायचं नाही.

टोळीची एक जुनी रीत होती. सकाळी दोराला हात लावण्याआधी सगळे खड्ड्याभोवती उभे राहून आपापलं सांगायचे. कोणाच्या पोरीला ताप, कोणाचं बायकोशी वाजलेलं, कोणाची दाढ ठणकलेली. टोळीतल्या सर्वांत वयस्क माणसाला सगळे काका म्हणत. ते ऐकून घ्यायचे आणि त्यावरून कोणी कुठे उभं राहायचं ते ठरवायचे. ज्याचं मन जागेवर नाही, तो त्या दिवशी फक्त पाणी आणायचा. मला वाटलं, ही कामचुकारांची मजलस आहे. आठवड्याच्या आत मी ती बंद केली. घरचं दळण घरी दळा, असं सुनावलं. मी स्वतः तर चेहऱ्यावरची रेषही हलू देत नसे. मुकादम असाच असतो, ही माझी ठाम समजूत. काका तंबाखू मळत राहिले.

बायको बाळंतपणाला माहेरी, कारंज्याला गेली होती. मुलगी झाल्याचं कार्ड आलं, तेही मी कोणाला सांगितलं नव्हतं. त्यानंतर चार-पाच दिवसांनी, सकाळी कामावर निघता निघता पोस्टमनने दुसरं कार्ड हातात दिलं. त्याचा कोपरा फाडलेला होता. मरणाची बातमी लिहिलेल्या कार्डाचा कोपरा फाडतात, म्हणजे हातात घेतानाच माणसाला कळतं. वाचून झालं की ते लगेच फाडून टाकायचं असतं, घरात न्यायचं नसतं. माझी मुलगी गेली होती. मी तिला पाहिलंही नव्हतं.

मी ते कार्ड फाडलं नाही. घडी करून शर्टाच्या खिशात ठेवलं आणि कामावर गेलो. का गेलो, हे मला आजही धड सांगता येत नाही.

पहिले दोन खांब नीट उभे राहिले. तिसऱ्याला मी ‘हो’ म्हटलं. म्हणजे तसं मला ऐकू आलं, माझाच आवाज दुसऱ्या कोणाचा असावा तसा. डाव्या दोराच्या माणसांनी अजून दोर हाताला गुंडाळलाही नव्हता. खांब उचलला गेला, कलंडला, खड्ड्यापाशच्या माणसाच्या हातातली पहार निसटली आणि खांब खाली आला. त्या माणसाने बाजूला अंग टाकलं. क्षणापूर्वी त्याचं डोकं जिथे होतं, तिथे खांब मातीत वीतभर रुतला.

मी ढेकळांतच बसलो. काका मला उठवायला आले तेव्हा खिशातून कार्ड पडलं. काकांना अक्षर येत नव्हतं. पण फाडलेला कोपरा वाचायला अक्षर लागत नाही.

“कोन गेलं?” त्यांनी विचारलं.

“पोरगी.”

“कार्ड कवा आलं?”

“सकाळी.”

काकांनी कार्ड माझ्यापुढे धरलं. “अन् हे खिशात ठेवून तुमी ‘हो’ म्हनून राह्यले होते?”

तेवढ्यात खड्ड्यापाशचा माणूस अंग झटकत उठला. त्याने उजवा तळवा आमच्यापुढे धरला. बाभळीचा काटा मोडून तो टम्म सुजला होता, मूठ वळत नव्हती. तीन दिवस झाले, म्हणाला. सांगितलं का नाहीस, म्हणून मी त्याच्यावरच खेकसलो.

“तुमीच बोलू नका म्हनलं होतं, मुकादम,” तो म्हणाला. रागाने नाही, विचारलं म्हणून सांगावं तसा.

खांब पडला त्यापेक्षा मी या वाक्याने जास्त हादरलो. एक माणूस माझ्यासमोर मरता मरता वाचला होता, आणि त्याचं तोंड मीच शिवलं होतं. आठ माणसांदेखत मी ढसाढसा रडलो. कोणी मान फिरवली नाही.

काकांनी कार्डाचे तुकडे केले. त्या माणसाला दवाखान्यात धाडलं, आवाज द्यायचं काम स्वतःकडे घेतलं आणि मला म्हणाले, “खांबाचं आमी पाहतो. तुमी येष्टी धरा.” पुढे मी जितक्या टोळ्या चालवल्या, त्या सगळ्यांत सकाळी खड्ड्यापाशी पहिलं सांगणं माझं असायचं. पण ते फार नंतरचं.

कारंज्याला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. बायको भिंतीला टेकून बसली होती. कार्ड कधी मिळालं, एवढंच तिने विचारलं. मिळालं तसाच निघालो, असं अगदी जिभेवर आलं होतं.

“सकाळीच मिळालं,” मी म्हणालो.

“मंग इतका वेळ काय करून राह्यले होते?”

मी सगळं सांगितलं. खिसा, ‘हो’, तो सुजलेला हात. सांगून झाल्यावर, जे मी सकाळपासून कोणालाच विचारलं नव्हतं, ते तिला विचारलं. दिसायची कशी ती?