मॅनेजरचा दहावा

आमच्या क्लबच्या जुन्या मॅनेजरला परवा पुन्हा एकदा हाकललं. आमचा क्लब म्हणजे इंग्लंडमधला. आमच्यापैकी कोणीही इंग्लंड पाहिलेलं नाही. एकाने दुबई पाहिली आहे, तीही विमान बदलण्यापुरती. पण गेली पंधरा वर्षं आम्ही त्या क्लबला ‘आपण’ म्हणतो. आपण हरलो, आपण फुकटचा गोल खाल्ला, रेफरीने आपली पेनल्टी ढापली. क्लबला आमचा पत्ताही नाही हे आम्हाला ठाऊक आहे. पण माणसाचं देवाशी नातंही बऱ्यापैकी असंच एकतर्फी असतं, आणि आमच्या गावात त्यावर कोणी हरकत घेत नाही.

आम्ही म्हणजे तिघं. मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत एका कारखान्यात क्वालिटीला आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या कामात चुका काढायच्या आणि घरी येऊन तेच चालू ठेवायचं, असं माझ्या नोकरीचं वर्णन बायको करते. दुसरा बँकेत आहे, पण घराणं गोदाकाठच्या उपाध्यांचं. सुट्टीच्या दिवशी तो स्वतःही विधी सांगायला बसतो, म्हणून त्याला आम्ही गुरुजी म्हणतो. तिसऱ्याची दिंडोरीकडे द्राक्षबाग आहे, तो बागाईतदार. दर रविवारी सकाळी गंगापूर रोडच्या पुढे एका मळ्यातल्या हॉटेलात मिसळ खायला जमायचं आणि आदल्या दिवशीच्या मॅचची चिरफाड करायची, हा आमचा नेम.

सहा वर्षांपूर्वीपर्यंत आम्ही चौघं होतो. चौथा इगतपुरीचा, रेल्वेवाल्याचा मुलगा, तिथल्या मैदानावर गोलकीपर म्हणून घडलेला. आमच्यात प्रत्यक्ष फुटबॉल खेळलेला तो एकटाच. त्यामुळे त्याच्या मताला आम्ही फारशी किंमत देत नसू. तोही अंबडलाच होता, माझ्या कारखान्यापासून दोन रस्ते सोडून दुसऱ्या एका कंपनीत, स्टोअरला.

मॅनेजरवरून आमचं वाजायचं. मॅनेजर म्हणजे एक दगड होता. गोल करण्यापेक्षा गोल न खाण्यावर त्याचा विश्वास, आणि तेही त्याला जमत नसे. मॅच संपल्यावर काहीही विचारा, तो म्हणायचा, मुलांनी कष्ट घेतले. जिंकलो तरी कष्ट, चार गोल खाल्ले तरी कष्ट. त्याला काढा, असं आम्ही तिघं दर रविवारी एकमताने ठरवत होतो. गोलकीपर पाव मोडता मोडता म्हणायचा, “राहू द्या रे त्याला. वेळ द्या जरा.” दोन वर्षं त्याने हे एकच वाक्य लावून धरलं. मी त्याला मॅनेजरचा मेव्हणा म्हणायचो.

मग एका गुरुवारी दुपारी क्लबने मॅनेजरला काढलं. आमचा आनंद गगनात मावेना. दहावा घालायची कल्पना माझी. आता ती दुसऱ्या कोणाची होती असं म्हणायला मला आवडेल, पण माझीच.

नाशिकमध्ये राहून दहावा माहीत नाही असा माणूस सापडायचा नाही. देशभरातले लोक त्यासाठी आमच्याकडे येतात. पिंड ठेवायचा आणि कावळ्याची वाट बघायची. कावळा शिवला की गेलेला माणूस सुखाने गेला. नाही शिवला तर त्याची काहीतरी इच्छा राहिली आहे असं धरून नातेवाईक हात जोडून एकेक वचन देत बसतात. पोरीचं लग्न आम्ही करू, म्हातारीला बघू, घर विकणार नाही. योग्य ते वचन आलं की कावळा शिवतो.

दहावा शनिवारी येत होता. आमची मिसळ रविवारची. गुरुजी म्हणाला, रविवारी अकरावा होतो, चालायचं नाही. मी म्हटलं, मॅनेजर परदेशी आहे, एक दिवस इकडे तिकडे धरू. त्याने दुसरी अट घातली, की जिवंत माणसाचा पिंड मी करू देणार नाही आणि मंत्राचा एक शब्द बोलणार नाही. तेव्हा पिंडाऐवजी कांदाभजी ठेवायची ठरली. एवढ्या तडजोडीवर धर्म शाबूत राहिला.

त्या रविवारी मिसळ झाल्यावर मळ्याच्या मागच्या बांधावर आम्ही कागदी प्लेट ठेवली आणि मागे सरून उभे राहिलो. समोरच्या बाभळीवर तीन कावळे होते. नाशिकचे कावळे रोजच जेवणावळीला बसलेले, त्यांना कशाची घाई नसते. दहा मिनिटं झाली, कोणी हलेना.

“इच्छा राहिली दिसती,” बागाईतदार म्हणाला आणि हात जोडून पुढे झाला. “साहेब, काळजी करू नका. मागं पाच जण उभे करू. गोल मारायचं नावबी काढणार नाय.”

कावळे बसून राहिले. मग मी पुढे झालो. “तुमच्यामागे आम्ही सगळ्यांना सांगू, मुलांनी कष्ट घेतले.” तरीही नाही. शेजारच्या टेबलावरचे लोक उठून बघायला आले होते आणि मला चेव चढला होता. मी गोलकीपरला पुढे ढकललं. “मेव्हणे, आता तुम्हीच बोला. तुमच्यात जीव अडकलाय त्याचा.”

मग त्याने खरोखर हात जोडले आणि हळू आवाजात म्हणाला, “घरच्यांचं होईल काहीतरी.”

आणि कावळा आला. भजी उचलून गेलासुद्धा. आम्ही इतके हसलो की बागाईतदाराला ठसका लागला. मी पेढ्यांचा डबा उघडला, त्या शेजारच्या लोकांनाही पेढे वाटले. गोलकीपरने पेढा हातात घेतला, गाडीला किक मारली आणि गेला. घरी पोहोचेपर्यंत तो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून बाहेर पडला होता.

आम्ही दोन-चार वेळा फोन केले, त्याने उचलले नाहीत. पुढे कानावर आलं की तो नोकरी सोडून बायकोला घेऊन इगतपुरीला वडिलांच्या घरी राहायला गेला. यावर आमची रीतसर चर्चा झाली. एका मॅनेजरसाठी माणूस इतकं मनाला लावून घेतो, नोकरी सोडतो, गाव सोडतो, म्हणजे फारच झालं, असं आमचं मत पडलं. हे आम्ही गंभीरपणे बोललो. तीन शिकलेले, संसारी पुरुष.

त्यानंतर क्लबने चार मॅनेजर आणले. पहिला आला तेव्हा वाटलं, आता दिवस पालटले. दुसऱ्याच्या वेळी पहिला बरा वाटू लागला. मधल्या काळात आमचा जुना दगड एका ठिकाणी गेला, तिथून हाकलला गेला. दुसऱ्या देशात गेला, तिथूनही हाकलला गेला. जितक्या लांबून त्याला हाकलत, तितका तो आम्हाला आवडायला लागला. गुरुजीला त्याच्यात संयम दिसायला लागला. बागाईतदार म्हणू लागला, “काय का आसंना, माणूस खोटं नाय बोलला. पोरं कष्ट करत हुती.” मला तर त्याचा बचाव चक्क शास्त्रशुद्ध वाटायला लागला. आपण निवृत्त केलेल्या माणसाबद्दल आपल्याला जे प्रेम वाटतं, त्याची आपल्याला काही तोशीस पडत नाही.

परवा तिसऱ्या ठिकाणाहून त्याला काढल्याची बातमी आली आणि रविवारी मिसळीवर आम्ही ठराव केला. मॅनेजर चांगला होता. आपलं चुकलं. गोलकीपर बरोबर होता. म्हणजे आता त्याच्या घरी जाऊन हे कबूल करायचं आणि त्याला परत आणायचं. इतक्या वर्षांत टेबलाची चौथी खुर्ची आम्ही पिशव्या ठेवायला वापरत होतो, आणि मला त्याची आठवण येत होती. हे मी आधी कोणाला बोललो नव्हतो. बागाईतदाराने गाडीत द्राक्षांची पेटी टाकली आणि आम्ही तसेच निघालो.

इगतपुरीत चांगलीच थंडी होती. दार वहिनींनी उघडलं. त्यांनी आम्हाला ओळखलं, पण जरा वेळ लावून. “या भाऊजी,” म्हणाल्या आणि आत गेल्या. गोलकीपर बाहेर आला. केस पांढरे झाले होते. तिथल्याच एका रिसॉर्टच्या स्टोअरला आहे म्हणाला, आज सुट्टी. आम्ही बसलो. चहा आला.

मग मी भाषण केलं. गारठ्यातून येताना मी ते मनात जुळवलं होतं. मॅनेजरचा बचाव कसा काळाच्या पुढे होता, त्याला वेळ द्यायला हवा होता, चौघांत तुला एकट्यालाच ते कळलं होतं. “तू बरोबर होतास,” मी म्हटलं. “तिघांच्या वतीने माफी मागतो.”

त्याने सगळं ऐकून घेतलं. “कोण, तो?” तो म्हणाला. “भिकार मॅनेजर होता. त्याला वर्षभर आधीच काढायला पाहिजे होतं.”

आम्ही एकमेकांकडे बघितलं. “मग तू त्याची बाजू का घेत होतास?” गुरुजीने विचारलं.

“तेव्हा आमच्या कंपनीत माणसं कमी करत होते,” तो म्हणाला. “दर महिन्याला दोन-चार. माझा नंबर कधी लागतो बघत होतो. आणि तुम्ही दर रविवारी काढा, काढा. चांगलं नाही वाटायचं ऐकायला.” त्याने कप खाली ठेवला. “त्याला काढलं त्याच गुरुवारी मलाही पत्र दिलं. मधल्या रविवारी यायचा धीर झाला नाही. दहाव्याच्या रविवारी मिसळीला मी तेच सांगायला आलो होतो.”

बागाईतदाराने मान खाली घातली. “आरं, मंग बोलायचं नाय व्हय?” तो म्हणाला, पण त्याच्या आवाजात काही जोर नव्हता.

“बोलणार होतो. तुम्ही प्लेट घेऊन मागे गेलात.”

वहिनी द्राक्षं धुऊन घेऊन आल्या. त्यांनी ताटली मध्ये ठेवली आणि कोणी हात लावत नाही हे बघून “घ्या ना” म्हणाल्या. आम्ही एकेक घेतलं. मला फार लाज वाटत होती. मॅनेजर चांगला होता असं ठरवून आम्ही आलो होतो. तो चांगला ठरला नसता तर आलोच नसतो.

निघताना तो फाटकापर्यंत आला. दोघं गाडीत जाऊन बसले. मी रेंगाळलो.

“पत्र मिळालं तेव्हा तुला फोन केला होता,” तो म्हणाला. “तुझी कंपनी जवळ म्हणून. म्हटलं, येशील.”

मला तो फोन आठवत होता. विसरलो असं म्हणता आलं असतं.

“दोनदा केलास,” मी म्हटलं. “मी दोन्ही वेळा कापला.”

“कामात होतास?”

“नाही. ग्रुपवर लिहीत होतो. मॅनेजर गेला म्हणून.”

“हां,” तो म्हणाला. “ते मी वाचलं. गेटच्या बाहेर उभा होतो.”

पुढच्या रविवारी मिसळीला ये, एवढं म्हणायलाच तर मी आलो होतो, पण ते तोंडातून निघेना. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला, नाशिकला पोहोचलात की कळवा म्हणाला आणि फाटक लावून घेतलं.