पंखे फिरतच होते

परवा मोबाइल दुरुस्तीला दिला. दुकानात सोल्डरिंगचा धूर नाकात गेला आणि मला पुन्हा ती दुपार आठवली.

नव्वदच्या आसपासचं, कल्याणच्या आमच्या कॉलेजचं गॅदरिंग. भर दुपार, पत्र्याचा हॉल आणि स्टेजवर आमच्या वर्गातल्या पोरांचा रॉक बँड. गिटारचा अँप्लिफायर मी जुन्या रेडिओच्या भागांतून घरी जोडलेला. गाण्यांकडे माझं लक्षच नव्हतं, मी पडद्याआडून फक्त त्या खोक्याकडे बघत होते. तिसऱ्या गाण्याला जळका वास आला. आता हे पेटणार, या भीतीने मी स्टेजचा मेन प्लगच उपटला.

गिटार, माइक, सगळं गप्प.

"लाइट गेली रे!" कुणीतरी ओरडलं. लाइट रोजच जायची, कुणाला नवल वाटलं नाही. ड्रमवर कळव्याच्या कोळीवाड्यातला हरेश होता. "थांबू नका, टाळ्या वाजवा!" म्हणत त्याने ठेका सोडला नाही. गायक खाली उतरून बाकावर चढला आणि गळा फाडून गायला लागला. अख्खा हॉल त्याच्याबरोबर गात होता. मी मात्र प्लग मुठीत धरून पडद्याआडच उभी.

आजही हरेश भेटला की म्हणतो, "अगं, लाइट गेली म्हणून तर शो झाला!"

मी हसते आणि विषय बदलते. त्या दुपारी हॉलचे सगळे पंखे गरगर फिरत होते. एखाद दिवशी त्याला ते आठवेल.